आधी पिठलं, मग साक्ष

आमच्या नात्यात प्राध्यापक झालेली मी पहिली. त्याचं कौतुक सगळ्यांना फार होतं, माझा विषय कळेपर्यंत. मावसभावाने संगणकाचा कोर्स केला तेव्हा तो नेमकं काय शिकला हे कुणालाच कळलं नव्हतं, तरी पेढे वाटले गेले. मी मात्र बायकांवरच्या हिंसेवर, त्यातही राजकारणातून होणाऱ्या हिंसेवर संशोधन करते म्हटलं, की समोरच्याला एकदम दुसरीकडे काम आठवायचं. एका लग्नात माझ्या काकूंनी शेजारणीला माझी ओळख करून दिली, "ही आमची पुतणी, मारहाणीत पीएच.डी. आहे." शेजारीण मनापासून म्हणाली, "हो का? छान."

ते दिवसच पुढे बघण्याचे होते. आमच्यासारख्या बौद्ध घरांतली, धम्मदीक्षेनंतर शिकलेल्या आईबापांची मुलं बँकेत, कचेरीत चिकटली होती आणि त्यांच्या धाकट्यांना कंपन्या बोलवायला लागल्या होत्या. शहराच्या कडेला, जिथे काल ज्वारी होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आणि मी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून मागे काय घडलं ते विचारत फिरत होते. वडील सरकारी कारकून. त्यांची तक्रार एवढीच, की या विषयाला वरची पोस्ट असते का ते मी आधी विचारून घ्यायला हवं होतं.

माझा प्रश्न साधा होता. एखादी बाई पोलिसांना एक सांगते आणि कोर्टात उभी राहिली की दुसरं सांगते. मधल्या काळात तिचं काय होतं? कागदावर तिला फितूर साक्षीदार म्हणतात आणि फाइल बंद होते. मला या शब्दाचा पहिल्यापासून राग होता. फितूर म्हणायला आधी कुणीतरी तुमच्या बाजूने उभं असावं लागतं.

माझी कामाची एक पद्धत होती, ती कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती. टेपरेकॉर्डर समोर ठेवला की बाईचा आवाज बदलतो. ती तलाठ्याशी बोलल्यासारखी बोलायला लागते. म्हणून मी म्हणायचे, आधी जरा आवाज तपासून घेऊ, आज घरी काय केलं होतं ते सांगा. कुणी वांग्याचं भरीत सांगायची, कुणी सुकटीची चटणी. ते झालं की टेप मागे घेऊन त्यांना ऐकवायचे. बहुतेकींनी स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला असायचा. "अगं बाई, मी अशी बोलते?" म्हणून तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि त्या हसण्यात यंत्राची भीती निघून जायची. मग टेप तशीच पुढे चालू. त्यामुळे माझ्या प्रत्येक कॅसेटच्या तोंडाशी काही ना काही शिजत असतं.

माझ्या मार्गदर्शकांनी काही कॅसेटी ऐकल्या आणि चष्मा काढून विचारलं, "आपला प्रबंध हिंसेवर आहे की पाककलेवर?"

मी म्हटलं, "सर, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात घडतं." त्यांनी चष्मा परत लावला. मग तो विषय त्यांनी काढला नाही.

ती मला मार्केट यार्डात भेटली. लसूण निवडायला बसणाऱ्या बायकांत ती होती. तिचा नवरा तिथेच हमाली करायचा. मी महिनोन्महिने त्यांच्यात जाऊन बसत असे. नुसतं बसून प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तिथे काही किंमत नाही, म्हणून मीही लसूण सोलत असे. बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसायचा. विभागात मैत्रिणी दारातूनच ओळखायच्या, आज फील्डवर होतीस ना, म्हणून. ती माझ्याहून थोडी मोठी, सावळी, बोलायला फटकळ. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ताई, तुमी इचारत कमी आनि सोलत जास्त, म्हनून बरं वाटतं." मला ती त्याच क्षणी आवडली. संशोधनात असं म्हणायचं नसतं, पण ती मला शेवटपर्यंत आवडत राहिली.

तिच्या गावात काय झालं होतं ते मला वरवर माहीत होतं. तिची नणंद राखीव जागेवरून ग्रामपंचायतीला निवडून आली होती. ते गावातल्या बड्या माणसांना खपलं नाही. तिला पंचायतीसमोर ओढत आणून, तिच्या अंगावरचं लुगडं ओढून, सगळ्या गावादेखत मारलं. केस उभी राहिली आणि पडली. आमच्या समाजातल्या बैठकांत त्या केसबद्दल एकच वाक्य ऐकू यायचं, साक्षीदार फुटले.

तिने बोलायचं कबूल केलं त्या दिवशी मी तिच्या वस्तीतल्या खोलीवर गेले. मुलगी तेव्हा शाळेत जायला लागलेली, आईला चिकटून बसलेली. आवाज तपासायला म्हणून तिने पिठलं सांगितलं. मी टेप मागे घेऊन ऐकवली, परत चालू केली तरी आम्ही तिघी हसतच होतो, मग आईने मुलीला शेजारच्या घरी टीव्ही बघायला पाठवलं आणि दाराला कडी घातली.

सगळं जवळून पाहिलेली आणि सांगायला तयार झालेली ती एकच बाई होती. नणंदेला पहिल्यांदा हात कुणी लावला, लुगडं कुणी ओढलं, कोण नुसते हसत उभे होते, हे तिला तोंडपाठ होतं. पोलिसांना तिने सगळी नावं दिली होती. कोर्टाच्या दिवशी ती मुलीला बरोबर घेऊन गेली, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. नवरा वकिलाला शोधायला गेला. पोरगी एका ओळखीच्या म्हातारीजवळ बसवून ती पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा मुलगी व्हरांड्यातल्या बाकावर होती, आरोपींतल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या मांडीवर.

"त्यानं धमकी दिली न्हाई, ताई," ती म्हणाली. "शिवी न्हाई, काई न्हाई. पोरीला मांडीवर घिऊन क्रीमचं बिस्कीट चारत व्हता. माज्याकडं बगून हसला. माजं नाव पुकारलं तवाबी तो उठला न्हाई. मी आत गेले आनि सांगितलं, मला कुनीच दिसलं न्हाई."

नणंद आतच बसली होती. तिने ते ऐकलं. केस पडल्यावर ती दूर नांदेडकडे एका नातलगाकडे निघून गेली आणि पुन्हा भावाच्या दारात आली नाही. हे दोघं गाव सोडून पुण्याला आले. घरात नवरा एवढंच म्हणायचा की साक्षीदार फुटले. कोणते, ते तो कधी बोलला नाही, आणि त्याबद्दल ती त्याची जन्मभर ऋणी होती.

मी टेप बंद करायला हात पुढे केला तेव्हा तिने तो धरला. "पोरीला कळू दिऊ नका. मला वाईट म्हनंल, त्याचं काय न्हाई. पन तिला वाटंल, हे तिच्यापायी झालं."

मी शब्द दिला. माझ्या लेखनात ती आहे, पण गाव बदललेलं, नातं बदललेलं, बिस्किटाचं काहीतरी दुसरंच केलेलं. तिच्या शेजारणीने वाचलं तरी तिला ओळखणार नाही इतकी काळजी मी घेतली.

मग पुष्कळ वर्षं गेली. मी विभागप्रमुख झाले, वडिलांना वरची पोस्ट एकदाची दिसली. तिचा नवरा वारला. मुलगी शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंगला गेली आणि मला मावशी म्हणायला लागली. परीक्षेच्या दिवसांत ती माझ्याकडे अभ्यासाला यायची. हुशार, तापट, आईसारखीच फटकळ. मला मूल नाही, त्यामुळे मी तिचे लाड जरा जास्तच केले असतील.

एका बुद्धपौर्णिमेला विहारातल्या कार्यक्रमात ती बोलली. आत्याच्या केसबद्दल बोलली. तिला आत्याचा चेहराही आठवत नव्हता, पण आत्या तिचं दैवत होती. म्हणाली, आपल्याला मारणाऱ्यांचा मला जेवढा राग येतो त्याहून जास्त राग डोळ्यांनी पाहून तोंड शिवून बसणाऱ्यांचा येतो. अशा माणसाला मी कधी माफ करणार नाही. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तिची आई पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, सगळ्यांच्या थांबल्या तरी वाजवत होती. मला तिच्याकडे बघवेना. बाहेर चहा घेताना ती एवढंच म्हणाली, "पोरगी चांगलं बोलती."

मुलीला खराडीतल्या कंपनीत नोकरी लागली. तिने आईचं लसूण निवडणं बंद केलं, जवळच फ्लॅट भाड्याने घेतला. दीडेक वर्ष सुखात गेलं असेल, आणि आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं. डोळे तसेच, पूर्वीसारखे मिश्कील, रागीट. फक्त तोंडातून एकच अर्धवट आवाज यायचा, आणि तो यायला लागला की ती स्वतःच वैतागून मान फिरवायची. फटकळ बाईचं असं व्हावं याचा मला इतका संताप आला की मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून रडले.

काही महिन्यांनी मुलगी माझ्याकडे आली. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि मोबाइल पुढे केला. "मावशी, आईचे जेवढे व्हिडिओ काढलेत ना, सगळ्यांत ती तोंडावर पदर घेऊन एकच म्हणते, बंद कर गं. माझ्याकडे तिचा आवाज एवढाच आहे." मग म्हणाली, "तुम्ही घरी टेप घेऊन आला होतात. पिठल्याचं काहीतरी होतं. ती कॅसेट असेल का हो?"

मी म्हटलं, शोधते. कॅसेट कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे ते मला झोपेतही सांगता आलं असतं. विद्यार्थ्यांना मी दर वर्षी शिकवत आले, की बाईने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय तिच्या घरच्यांनाही द्यायचं नसतं. वर्गात ते किती सोपं वाटतं. इथे एका मुलीला आईचा आवाज हवा होता, आणि त्याच आवाजाने तिची आई तिच्या मनातून उतरली असती. की त्याहून वाईट, मुलगी स्वतःच्याच मनातून उतरली असती. माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी मी मुलगी ऑफिसात असताना खराडीला गेले. सांभाळायला ठेवलेली बाई आत भाजी चिरत होती. मी आईच्या खुर्चीजवळ बसून हळूच विचारलं, की पोरगी कॅसेट मागते आहे, नुसतं पिठल्यापुरतं ऐकवू का, पुढचं नाही. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग मान हलवली, हो म्हणून. मी निघताना तिने माझा पदर धरला आणि डोळ्यांनी पुन्हा बजावलं. मी म्हटलं, माझं बोट बटणावर असेल.

टेपरेकॉर्डर इतकी वर्षं पडून होता, त्याचा पट्टा सैल झालेला. तो घेऊन मी बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला. "दुरुस्तीला आणलाय, की गणपतीच्या दर्शनाला?" पट्टा मात्र त्याच्याकडे होता, कुठल्याशा डब्यातून काढून त्याने बसवला. म्हणाला, कॅसेट ठेवून जा, उद्या सीडी करून देतो, आता हे कोण वापरतं. मी नको म्हटलं. "का, सरकारी गुपित आहे?" मी म्हटलं, त्याहून मोठं आहे. त्यावर तो काही बोलला नाही, हे पुण्यात विशेषच.

रविवारी दुपारी आम्ही तिघी त्यांच्या हॉलमध्ये बसलो. मुलीने आईची खुर्ची मधोमध आणली, लॅपटॉपला वायर जोडून ठेवली, म्हणजे ऐकतानाच त्यात उतरवून घेता येईल. मी टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला आणि सुरू केला.

आधी खरखर. मग तिचा आवाज, तरणा, घाईचा. "पिठलं काय सांगायचं, ताई? लसूण ठेचून घ्यायचा. भरपूर घ्यायचा, दिवसभर दुसऱ्याचा निवडतो, घरी तरी हात आखडता कशाला घ्यायचा? त्येल तापलं की मोहरी, मिरची, लसूण. पानी टाकायचं. उकळी आली की एका हातानं पीठ सोडायचं, एका हातानं हलवायचं, थांबायचं न्हाई, थांबलं की गुठळ्या." मध्येच एक चिमुकला आवाज, "मला नाही आवडत पिठलं." आणि आईचा, "तुला कोन इचारतंय गं?"

मुलगी हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आई स्वतःचा आवाज ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, टेपवरच्या शब्दांबरोबर, आवाज न करता. मी आयुष्यभर लोकांची दुःखं ऐकली, त्यावर लिहिलं, त्यावर परिषदांत बोलले. पण त्या दुपारी त्या ओठांकडे बघताना मला जे वाटलं ते लिहायला मला अजून जमलेलं नाही.

टेपवर तिघींचं हसू आलं, दाराची कडी वाजली आणि मी बटण दाबलं.

"पुढे आहे ना अजून?" मुलीने विचारलं.

मी म्हटलं, "पुढचं तुझ्या आईचं आहे. ते माझ्या हातात नाही."

ती आईकडे वळली. आई आधी माझ्याकडे बघत होती, आता मुलीकडे बघायला लागली. किती वेळ ते सांगता येणार नाही, लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला. मी मनात म्हणत होते, नको म्हण, मान हलव, मी लगेच हे सगळं पिशवीत भरते. तिने डावा हात उचलला. मुलीचा हात धरून जवळ ओढला, तिचं बोट टेपरेकॉर्डरवर आणलं आणि माझं बोट बाजूला सारून बटणावर ठेवलं.

मुलीने ते दाबलं.

शेवटपर्यंत कुणी हललं नाही. पंचायतीसमोरचं सगळं, सगळी नावं, कोर्टाचा व्हरांडा, बाक, मांडी, बिस्कीट. "मला कुनीच दिसलं न्हाई." आणि मग ते शेवटचं, पोरीला कळू दिऊ नका. टेप संपून खट्कन थांबली. आई डोळे मिटून बसली होती. ती आपल्या लेकीच्या पहिल्या शब्दाची वाट बघत होती आणि मीही.

मुलगी बोलली, पण बोलली ती माझ्याशी. "मावशी, तो माणूस मला आठवतो. पांढरा फेटा. बिस्किटाच्या आतलं क्रीम आधी चाटून खा असं त्याने मला शिकवलं होतं. लहानपणीची माझी सगळ्यात जुनी आठवण ती आहे. मला इतकी वर्षं वाटायचं, कुणीतरी नात्यातले आजोबा असतील." तिने टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. "म्हणजे आत्याची केस माझ्यामु..."

आईने डोळे उघडले आणि डाव्या हाताने तिचं तोंड दाबलं. चांगलं घट्ट दाबलं. मान जोरजोरात हलवत राहिली, नाही, नाही, आणि घशातून तो एकच अर्धवट आवाज काढत राहिली, ज्याची तिला लाज वाटायची. त्या दिवशी तिला त्याची लाज वाटत नव्हती. मुलीने सोडवून घेतलं नाही. आईचा हात तोंडावर तसाच ठेवून ती खुर्चीशेजारी खाली बसली, आईचा आवाज थांबेपर्यंत.

मग तिने तो हात हळूच खाली घेतला, दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आई, आत्याला ऐकवू या?"

आई रडत होती. रडता रडता तिने मान हलवली, हो म्हणून.